म्हादईच्या आगीला गुण द्यायचेच तर

काल कुणीतरी तो हेलिकॉप्टरचा व्हिडिओ पुन्हा शेअर केला. मार्च 2023 चा. खाली गोव्यातल्या म्हादई अभयारण्याचं रान धुमसतंय, वर दोराला लटकलेली नारिंगी बादली, तिच्यातून पाणी सुटतंय आणि खाली कमेंटींत टाळ्याच टाळ्या. एकानं मला टॅग करून विचारलंय, "सरकारनं केलं ना काम? अजून काय पाहिजे तुम्हांला?" दोन ओळींत उत्तर बसेना, म्हणून हे लांबण.

जे बरं झालं ते आधी कबूल करतो. दाबोळीच्या आयएनएस हंसावरून नौदलाची हेलिकॉप्टरं आली, मागून हवाई दलाचं एमआय-17 आलं. त्या रानातले साट्रे-देरोड्याकडचे कडे ज्यांनी पाहिलेत त्यांना ठाऊक आहे, तिथं माणूस चढेपर्यंत अर्धा दिवस जातो. अशा जागी वरून पाणी टाकणं मुळीच चूक नव्हतं.

पण जरा हिशेब करू. एमआय-17 नं 25 हजार लिटरांहून अधिक पाणी टाकलं, असं हवाई दलानं तेव्हा जाहीर केलं होतं. ऐकताना समुद्रच ओतल्यासारखं वाटतं. उन्हाळ्यात आमच्या वाड्यावर येतो तो टँकर दहा हजारांचा. म्हणजे अडीच टँकर! शिवाय आपल्या रानातली आग शेंड्याशेंड्यांवरून धावत नाही, ती जमिनीवरून सरपटते, पाचोळ्यातून. शेंड्यांवर पडलेल्या पाण्यातलं पाचोळ्यापर्यंत पोचणार किती? एखादा ओंडका आत धुमसत राहतो आणि दोन दिवसांनी वारा सुटला की पुन्हा पेट घेतो. ही आग प्रत्यक्षात विझवली ती पायी गेलेल्यांनी: वनरक्षक, रोजंदारीवरचे राखणदार, अग्निशमन दलाचे जवान, गावातली पोरं. हातात हिरव्या डहाळ्या, कुठे ब्लोअर. पाचोळा ओढून जमीन उघडी केली की आग उपाशी मरते. शिगम्याचे दिवस होते ते. घरी ढोल वाजत होते आणि ही माणसं राखेत उभी होती. त्यांचा व्हिडिओ कुणी शेअर करत नाही, कारण त्यात बघण्यासारखं काही नाही. एक माणूस झुडपानं जमीन झोडतोय, एवढंच.

तर गुण. डहाळीवाल्यांना पैकीच्या पैकी. वैमानिकांनाही. पण परीक्षा 5 मार्चला, आग पेटली त्या दिवशी, सुरू झाली असं धरलं तरच हे गुण पुरे पडतात, आणि माझं भांडण नेमकं तिथंच आहे.

11 मार्चपर्यंतचा सरकारी आकडा बघा: 48 ठिकाणी आग, 41 विझल्या, 7 चालू. पुढे तो आकडा सत्तरीपार गेला (सत्तरी तालुक्याचं नशीब बघा). म्हणजे सगळं राज्य डोळे लावून बसलं असताना, डोक्यावर हेलिकॉप्टर घिरट्या घालत असताना नव्या जागी आग लागतच होती. विझवणारे आगीच्या मागून धावत होते. त्यांच्या आधी कुणीच पोचत नव्हतं.

आणि हे अचानक आलं असंही नाही. ऑक्टोबरनंतर पाऊस जवळपास नव्हताच. देशाच्या सरासरी कमाल तापमानाच्या हिशेबानं तो फेब्रुवारी 1877 पासूनचा सर्वांत तापलेला. त्यातच काजूचा हंगाम. झाडाखाली पडलेल्या बिया दिसाव्यात म्हणून बागायतदार गवत-पाचोळा जाळतात, हे सत्तरीत शाळकरी पोरालाही माहीत आहे. सगळ्या आगी काजूवाल्यांनी लावल्या असं मी म्हणत नाही, लागल्या तशा लावल्याही असतील आणि त्यामागचे हेतूही वेगवेगळे असतील. पण जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून मोकळे ठेवायचे पट्टे) फेब्रुवारीतच साफ हव्या होत्या, वाड्यावाड्यांवर माणूस हवा होता. उपग्रहाचा इशारा येतो, खरंय. पण झाडीखालची बारीक आग त्याला दिसेपर्यंत ती बारीक राहिलेली नसते. तिचा पहिला धूर दिसतो तो काजूत राबणाऱ्या माणसालाच.

हा माणूस फोन का करत नाही?

माझ्या मामाची काजू रानाला लागून आहे. त्या आठवड्यात त्यानं समोरच्या डोंगरावर धूर पाहिला होता, आग मोठी व्हायच्या कितीतरी आधी. मी विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाला, "सांगणाऱ्यालाच आधी विचारतात, तू तिथं काय करत होतास?" मामाची चूकच, मी त्याला तोंडावर तसं सांगितलं. पण अभयारण्य जाहीर झालं 1999 मध्ये आणि आतल्या लोकांचे जमिनीचे हक्क चोवीस वर्षांनीही ठरलेले नव्हते. जुलै 2023 मध्ये उच्च न्यायालयाला म्हादईच्या व्याघ्रप्रकल्पाबाबतच्या निकालात सांगावं लागलं, की हे दावे बारा महिन्यांत निकाली काढा. स्वतःच्या बागेत चोरासारखं वावरणारा माणूस वनखात्याचा पहारेकरी कसा होईल? 2020 च्या जानेवारीत याच रानात वाघीण आणि तिचे बछडे विष घालून मारले गेले. माणूस आणि रान यांच्यातलं बिनसलेपण तेव्हाच दिसलं होतं. त्या धड्याचे गुणही या परीक्षेत धरायला हवेत, आणि तिथं मी सरकारला नापास करतो. टॅग करणाऱ्या मित्रा, राग मानू नकोस.

परवा मामाकडे गेलो होतो. अंगणात बसून बिया निवडत होता. म्हटलं, आता दिसला धूर तर करशील ना फोन?

मान वर न करता त्यानं विचारलं, "कोणाक?"