'कॉड्सवॉलप' गोटी सोड्यातून आलेला नाही

हिरम कॉड या इंग्रजाने गोटीची सोडा बाटली काढली, बिअर पिणारे त्या पेयाला 'कॉडचं वॉलप' (वॉलप म्हणजे बोलीत बिअर) म्हणत नाक मुरडू लागले आणि त्यातून 'कॉड्सवॉलप', म्हणजे बाष्कळ बडबड, हा इंग्रजी शब्द आला, अशी गोष्ट फिरते आहे.

बाटलीचं खरं आहे. कॉडने १८७०च्या दशकात तिचं पेटंट घेतलं. आपल्याकडच्या गोटी सोड्याची बाटली तीच. उलटी धरून भरायची, म्हणजे गॅसच्या दाबाने गोटी तोंडातल्या रबरी कडीवर घट्ट बसते. अंगठ्याने आत ढकलली की फस्स! मानेतल्या खोबणीमुळे ओतताना ती आडवी येत नाही. फार हुशारीचं काम आहे ते.

शब्दाचं मात्र जुळत नाही. कॉड १८८७ साली वारला. बिअरला 'वॉलप' म्हणणारी बोली विसाव्या शतकातली आणि 'कॉड्सवॉलप'चे कोशांतले दाखले १९५०च्या दशकाच्या अखेरीपासूनचे. लोकांच्या तोंडी असलेला शब्द इतकी वर्षं छापील मजकुरात येऊच नये, हे मला पटत नाही. शिवाय आडनावाच्या स्पेलिंगमध्ये दोन 'डी' आहेत, शब्दात एकच. कोशकार त्याची व्युत्पत्ती अज्ञातच मानतात. तेव्हा ही गोष्ट खरी म्हणून पुढे पाठवू नका.