टी ट्री लावा, पण बाटलीवर तारीख घाला

हल्ली कुठल्याही ग्रुपवर पिंपल्स, कोंडा, पायाची खाज, काहीही विचारा, लगेच कुणीतरी सांगतंच, "टी ट्री लाव, नॅचरल आहे, काही होत नाही." टी ट्री म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या एका झाडाच्या पाल्यातून काढलेलं तेल. त्या तेलावर माझा राग नाही. राग आहे तो त्या "काही होत नाही"वर.

तेल गुणाचंच आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या ईशान्येकडच्या बुंजलुंग या आदिवासी लोकांना या झाडाचा पाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत. १९२०च्या दशकात सिडनीचे रसायनतज्ज्ञ आर्थर पेनफोल्ड यांनी त्याचे जंतुनाशक गुण तपासून मांडले. १९९० साली तिथेच १२४ जणांवर झालेल्या अभ्यासात टी ट्रीच्या जेलने मुरुमांवर बेन्झॉइल पेरॉक्साइड या नेहमीच्या औषधासारखाच गुण दिला, फक्त जरा उशिरा. पण ते जेल ५ टक्क्यांचं होतं! आपण बाटलीतलं १०० टक्के तेल कापसावर घेऊन गालाला फासतो, आणि साल निघाली की म्हणतो, "मला सूट होत नाही."

३० मिली खोबरेलात ६ थेंब म्हणजे साधारण १ टक्का. चेहऱ्याला तेवढं पुष्कळ. तेही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघायचं. आंघोळीच्या बादलीत थेंब टाकणाऱ्यांनी एकदा पाण्याकडे नीट बघावं. तेल विरघळत नाही, तवंग वरच राहतो आणि तसाच अंगाला लागतो.

जुन्या बाटलीबद्दल मात्र कुणीच बोलत नाही. परवा वहिनीकडे बाथरूमच्या खिडकीत एक दिसली. लेबल उडालेलं, ड्रॉपरचं रबर फुगून चिकट झालेलं. "वहिनी, ही कधी फोडलीत?" "अहो ताई, मागच्याच्या मागच्या दिवाळीत असेल. तेल कुठं खराब होतंय?"

होतं ना! हवा आणि उजेड लागला की तेलातले घटक बदलतात, आणि जी ॲलर्जी उठते ती बरेचदा या बदललेल्या घटकांचीच असते. म्हणून गडद काचेची बाटली, घट्ट झाकण, थंड जागा. फोडल्याची तारीख मार्करने वर लिहा. वर्ष उलटलं की त्वचेला लावू नका, मग किती का महाग मिळालेली असेना.

डिफ्यूझरमध्ये, म्हणजे तेलाचा वास खोलीत पसरवणाऱ्या यंत्रात, तीन-चार थेंब, अर्धा तास, खिडकी किलकिली ठेवून. घरात दम्याचं माणूस असेल तर त्याला विचारल्याशिवाय नको. मांजर असेल तर मी डिफ्यूझर लावूच नका म्हणेन. पिसवांसाठी अंगावर थेट तेल चोळल्याने मांजरं थरथरायला लागल्याच्या, पाय लटपटल्याच्या नोंदी आहेत.

आणि पोटात घ्यायचं नाही. गुळण्यांनासुद्धा नको. दोन चमच्यांहून कमी तेल पोटात गेल्यावरही लहान मुलं गुंगीत गेलेली आहेत. कफ सिरपच्या शेजारी ही बाटली ठेवत असाल तर आत्ता उठून हलवा. मुलाने प्यायलंच, तर उलटी काढायच्या भानगडीत न पडता बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.