श्रद्धा असली की शिडी कशाला?

प्रार्थनास्थळाच्या विश्वस्त मंडळावर तुमची निवड झाली, अभिनंदन! वास्तू तीनशे वर्षांची आहे म्हणता? मग ती आणखी तीनशे वर्षं आपसूक उभी राहणार, यात शंका नको. त्यामुळे ‘जुन्या प्रार्थनास्थळाची निगा कशी राखावी’ या प्रशिक्षणाचं पत्र आलं, तर ते सूचनाफलकावर जुन्या सूचनांच्या खाली टाचून द्या. आपण इथे भक्तिभावानं येतो, गवंडीकाम शिकायला नव्हे.

आणि अशा वर्गांत शिकवतात तरी काय? पन्हळीतला पालापाचोळा काढा. भिंतीत उगवलेलं रोप बोटाएवढं असतानाच उपटा. वर्षातून एकदा शिडी लावून छत बघा. आता तुम्हीच सांगा, पन्हळ साफ केली म्हणून कुणाच्या नावाची पाटी लागलेली तुम्ही पाहिली आहे? त्यापेक्षा ती तुंबू द्या. पाणी भिंतीत मुरेल, तुळयांची टोकं कुजतील, छत उतरवावं लागेल. आणि छत उतरवायचं म्हटलं की जीर्णोद्धार समिती आली, पावतीपुस्तकं आली, उद्घाटन आलं!

कामाला लागलात की पहिल्यांदा चुना हाकला. चुना मऊ असतो, भिंतीतली ओल त्यातून बाहेर पडते, झिजायची वेळ आली की तो स्वतः झिजतो आणि दगड वाचवतो. इतका पडखाऊ माल आपल्याला शोभत नाही. दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, सिमेंटनं भरून घ्या. कोंडलेली ओल मग दगडातून वाट काढते, तिच्याबरोबरचे क्षार पृष्ठभागाच्या आत साचून फुगतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. सिमेंटला काही होत नाही. काही वर्षांनी बघाल तर दगड आत गेलेले आणि सिमेंटच्या रेघा तेवढ्या वर आलेल्या, म्हाताऱ्या हातावरच्या शिरांसारख्या. त्यावर ऑईल पेंटचा हात मारा. दगड दगडी रंगाचा असतो, ही त्याची उणीव कुणीतरी भरून काढायलाच हवी.

या उत्साहाला आडवे येणारे पूर्वीपासून आहेत. जुनी चर्च खरवडून ‘नवी’ करण्याचा इंग्लंडमध्ये धडाका चालला होता, तेव्हा 1877 साली विल्यम मॉरिस नावाच्या गृहस्थानं त्याविरुद्ध संस्थाच काढली. तिला टोपणनाव पडलं ‘खरवड-विरोधी’. मोठ्या नूतनीकरणापेक्षा रोजची डागडुजी बरी, असं तिचं म्हणणं. दीडशे वर्षं होत आली तरी ही मंडळी पन्हळीच साफ करायला सांगतात. काडीची प्रगती नाही.

आफ्रिकेतल्या माली देशातल्या जेन्ने गावच्या मशिदीचं तर नावही बैठकीत निघू देऊ नका. इमारत 1907 ची, तीही मातीची. दरवर्षी सगळं गाव जमतं, अनुभवी गवंड्यांच्या देखरेखीखाली पोरंटोरं चिखल वाहतात, भिंतीतून बाहेर काढलेल्या ताडाच्या लाकडांवर चढून लिंपण करतात आणि शिकतातही. म्हणजे तिथे शिडी भिंतीतच बसवलेली! असलं खूळ आपल्यात शिरलं तर ठेकेदारानं जायचं कुठे?

हां, हौशी भाविकाच्या हाती कुंचला द्यायला हरकत नाही. 2012 साली स्पेनमधल्या बोर्हा गावात येशूच्या भित्तिचित्राचे पोपडे निघत होते. एका वृद्ध बाईंनी मायेनं ते दुरुस्त करायला घेतलं. येशूचा चेहरा ओळखू येईनासा झाला, आणि तोच बघायला जगभरातून लोक आले, तिकीट लावावं लागलं. (मला स्वतःला त्या बाईंना हसवत नाही. चित्र खराब होतंय याची निदान त्यांना काळजी तरी होती.)

आगीची सूचना देणारी यंत्रणा जरूर बसवा, दिसायला बरी दिसते. ती वाजल्यावर कुठे धावायचं, हे मात्र कुणाला शिकवू नका. 15 एप्रिल 2019 रोजी पॅरिसच्या नोत्र दाम चर्चमध्ये इशारा झाला तेव्हा पहारेकरी भलत्याच माळ्यावर जाऊन बघून आला. चूक ध्यानात येईतो ओकच्या तुळयांचं मध्ययुगीन छत पेटलेलं होतं.

सगळ्यात घातक प्रकार अमेरिकेतला. फिलाडेल्फियाची ‘पार्टनर्स फॉर सेक्रेड प्लेसेस’ ही संस्था भाविकांना पैसे उभे करायला शिकवते, आणि सुरुवात कुठून? तुमच्या वास्तूत आठवडाभर कोण कोण येतं ते मोजा म्हणे. पाळणाघरातली मुलं, अन्नवाटपाला येणारे लोक, संध्याकाळी तालमी करणारे. मग गावाला सांगा की ही जागा तुमचीही आहे, हातभार लावा. सांगितलंत, की गाव विचारणार: ‘आधीच्या पैशांचं काय केलंत?’ म्हणून बाहेरच्यांना लांबच ठेवा.

एवढं सगळं पाळूनही भिंतीला भेग पडलीच, तर देणगीदारांची पाटी बरोबर तिच्यावर लावा. पाटी ग्रॅनाईटची घ्या. भिंत गेली तरी ती शाबूत राहील, नुसती उचलून पुसायची.