कलम ५१ वाचलं कुणी?

परवा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज आला. वर लाल दिवे, खाली 'प्रत्येक पालकापर्यंत पोहोचवा'. सार असं: परराष्ट्र व्यवहार हा फक्त दिल्लीचा विषय, सामान्य माणसाने परदेशी लोकांशी त्यावर बोलणं हा घटनेच्या कलम ५१ नुसार गुन्हा, मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला जगाशी काही देणंघेणं नाही, असल्या ओळखींनी आजवर काही साधलं नाही, आणि परदेशी पाहुणा घरी उतरवला तर पोलीस उचलतात. एरवी हसून सोडून दिलं असतं. पण भाचीच्या कॉलेजात जपानी विद्यार्थ्यांशी ऑनलाइन गप्पांचा उपक्रम आहे, आणि तिच्या आईने या मेसेजपायी तिचं नाव काढून घेतलं.

कलम ५१ राज्याच्या धोरणाच्या निदेशक तत्त्वांत, म्हणजे सरकारने कारभार कसा करावा याच्या सूचनांत येतं. राज्याने आंतरराष्ट्रीय शांतता वाढवायचा प्रयत्न करावा, राष्ट्राराष्ट्रांत न्यायाचे व सन्मानाचे संबंध राखावेत, आंतरराष्ट्रीय कायद्याचा आदर वाढवावा, तंटे लवादाने मिटवायला उत्तेजन द्यावं. संपलं कलम. नागरिकाला मनाई नाही, दंड नाही, तुरुंग नाही. वर कलम ३७ सांगतं की ही तत्त्वं कोर्टातून बजावून घेता येत नाहीत. मग त्याखाली लेकराला आत कोण टाकणार? आकडा घातला की माणूस घाबरतो, एवढाच हिशोब.

आता अर्धं खरं तेवढं मान्य करतो, नाइलाजाने. करार करणं, युद्ध आणि तह हे केंद्राच्याच हातात आहेत, आणि असावेत. भाषणस्वातंत्र्यावर ज्या कारणांनी बंधन घालता येतं, त्यात परकीय राष्ट्रांशी मैत्रीचे संबंध हे कारणही आहे. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ते घातलं. पण ते मैत्री बिघडू नये म्हणून. भाचीने जपानी पोरीला ज्वारीची भाकरी कशी थापतात ते दाखवलं तर कुठली मैत्री बिघडते?

खरा संताप आला तो शेतकऱ्याच्या मुद्द्यावर. लातूरच्या अडतीवर जाऊन बघा. आडत्या मोबाइलवर शिकागोच्या बाजारातला सोयाबीनचा वायदा आणि मलेशियाचं पामतेल बघून मगच सोयाबीनचं बोलतो. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावर २० टक्के मूळ आयात शुल्क लावलं आणि मे २०२५ च्या शेवटी ते १० वर आणलं, म्हणजे बाहेरचं तेल स्वस्त आणि इथल्या सोयाबीनच्या भावावर दबाव. कापसाचंही तसंच. अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क चढवलं, कापड गिरण्यांना दिलासा म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये आपण कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे ऐन वेचणीच्या हंगामात बाहेरचा कापूस स्वस्त. परभणी-जालन्याच्या ज्या माणसाच्या घरात कापूस येऊन पडला होता, त्याला सांगा की वॉशिंग्टनशी तुझा काय संबंध! या वाटाघाटींबद्दल त्याने खासदाराला प्रश्न विचारायचा नाही, तर कुणी विचारायचा?

आणि मराठवाडा जगाच्या बाहेर होता कधी? पेरिप्लस या प्राचीन ग्रीक व्यापार-पुस्तकात पैठण आणि तेर या दोन्ही पेठांची नावं आहेत. ते जुनं झालं म्हणाल, तर १९४८ घ्या. निजामाने हैदराबादचा प्रश्न थेट संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत नेला होता. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये त्यावर चर्चा झाली आणि दुसऱ्याच दिवशी निजाम शरण आला. दरवर्षी १७ तारखेला झेंडावंदन करतो, त्याच्या आदल्या दिवशी आपलं भवितव्य पॅरिसमधल्या टेबलावर होतं.

फक्त दिल्लीचा विषय, तर जी-२० मधल्या डब्ल्यू-२० या महिलांच्या प्रश्नांवरच्या गटाची पहिली बैठक फेब्रुवारी २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरात कशाला झाली? तो गट सरकारांचा नव्हेच.

'काही साधलं नाही' म्हणणाऱ्यांनी शेजारच्या सोलापूरला जावं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. पथक पाठवलं काँग्रेसने. दिल्लीत तेव्हा इंग्रज होते. जखमींवर उपचार करता करता १९४२ मध्ये ते तिथेच वारले. त्यांच्यामुळे १९६२ चं चीनशी युद्ध टळलं नाही, हे मलाही कळतं. पण चीनचे नेते भारतात आले की कोटणीसांच्या कुटुंबीयांना भेटत आले, हेही खरं.

राहिला पाहुणा. त्याला घरी ठेवणं गुन्हा नाही. २४ तासांत त्याची नोंद करायची असते, ती यजमानाने, आणि ऑनलाइन होते.