आधी बीपीचा पट्टा, मग तपासणी?

९ तारखेला आशाताईंनी माझ्या भाचीला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीला केजला नेलं. पहिलटकरीण, ३१ वा आठवडा. बीपी निघालं १४८/९४. दुसऱ्या दिवशी अंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाईंनी प्री-एक्लॅम्पसियाच्या, म्हणजे गरोदरपणात बीपी चढून आई-बाळाच्या जिवावर बेतणाऱ्या आजाराच्या, मार्करची (रक्तातल्या खुणेची) तपासणी लिहून दिली. ती कराच, असं मी लिहिलं, आणि तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर वाद पेटलाय.

'डॉक्टर पैसे काढायलेत. बाईमाणसाचे पाय सुजतेतच,' हे काकांचं म्हणणं. त्यांचं मी सोडून दिलं. राग आला तो चुलतभावाचा, कारण तो शाळेत विज्ञान शिकवतो. त्यानं लिहिलं, 'उपकेंद्रात बीपीचा पट्टा धड नसतोय अन् तू मार्करच्या गोष्टी सांगायलीस. तिकडं बसून बोलायला काय जातंय?'

अरे, पण हिचं बीपी त्या पट्ट्यानंच सापडलं ना? आणि तेही सरकारी तपासणीत. पट्टा प्रत्येक आशाताईच्या पिशवीत हवाच, त्यावर भांडण कुणाचं आहे? पट्टा आज किती आहे ते सांगतो. ही पोर पुढचा आठवडा घरी काढू शकेल का, हे त्याला सांगता येत नाही.

मी इंग्लंडात लेस्टरला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. या तपासणीचे नमुने माझ्या हातून जातात. वार नीट रुजली नाही की तिच्यातून एसएफएलटी-१ नावाचं प्रथिन रक्तात जास्त उतरतं आणि पीएलजीएफ नावाचं दुसरं प्रथिन कमी पडतं. त्यानं आईच्या रक्तवाहिन्यांना इजा होते, बीपी चढतं, मूत्रपिंडावर ताण येतो. बॉस्टनच्या अनंत करुमांची यांच्या गटानं २००३ साली हे दाखवून दिलं. या दोघांचं गुणोत्तर ३८ किंवा त्याखाली असेल, तर पुढच्या आठवड्यात प्री-एक्लॅम्पसिया होण्याची भीती जवळजवळ नाही. २०१६ च्या अभ्यासात हे ९९.३ टक्के खरं ठरलं. आकडा वर गेला म्हणजे आजार झालाच असं मात्र नाही. तेव्हा डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं. या तपासणीचा 'नाही' पक्का, 'हो' तितका पक्का नाही.

माझ्या वेळी मिडवाइफनं मला दुपारी हॉस्पिटलच्या ट्रायाजला, म्हणजे तातडीच्या तपासणीला, पाठवलं. आकडा कमी आला, रात्री मी घरी येऊन जेवले. किती पैसे, हा प्रश्न कुणी काढलाही नाही. हॉस्पिटल बसनं दहा मिनिटांवर. खरं सांगायचं तर मला त्या आकड्याची गरज कमीच होती, काही झालं असतं तर मी लगेच परत गेले असते. आठवडाभर भीती नाही, हे कळण्याची खरी गरज ऊसतोडीला गेलेल्या बाईला आहे. ती कारखान्याच्या पल्याड कुठल्याशा फडात, कोपीत राहते, आणि दवाखान्यात जायचं म्हणजे तिचा दिवसाचा रोज बुडतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. भाचीची आई म्हणजे माझी थोरली बहीण. पहिल्या खेपेला आठव्या महिन्यात ती फडावरच होती. डोकं दुखतंय, डोळ्यांपुढं अंधारी येतेय, असं दोन दिवस सांगत होती. मुकादमाची उचल घेतलेली, त्यामुळं मोळ्या बांधणं थांबलं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे कोपीत झटके आले. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी तोंडाशी कांदा धरला. ताई वाचली, लेकरू गेलं. 'पाय सुजतेतच' म्हणणारे काका तेव्हा तिथंच होते.

आईला हा आजार झाला असेल तर लेकीला धोका जास्त, त्यात पहिलं बाळंतपण. अशा बाईला इथं १२ व्या आठवड्यापासून ॲस्पिरिन देतात. २०१७ च्या मोठ्या अभ्यासात रोज रात्री १५० मिलिग्रॅम घेणाऱ्या जास्त धोक्याच्या बायकांमध्ये ३७ आठवड्यांच्या आत होणारा प्री-एक्लॅम्पसिया ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. हे मला पाठ आहे. पण भाचीला दिवस गेलेत हे मला कळलं पाचव्या महिन्यात. 'तू तिकडं, उगं काळजी करशील,' ताई म्हणाली. घरातली एकटी मी हे काम करते, आणि मलाच सांगायचं राहून गेलं. पण दोष तिचा एकटीचा नाही. दिवाळीनंतर मीच तिला फोन केला नव्हता.

म्हणून भावाचं वाक्य टोचलं. तिकडं बसून बोलायला काय जातं? तपासणीचे पैसे मी पाठवते म्हटलं, तर 'पैशाचा प्रश्न नाही' असं उत्तर आलं. मग प्रश्न कशाचा आहे? बारा वर्षांपूर्वी गेलेल्या बाईनं आपल्या घरातल्या पोरीबद्दल बोलायचं की नाही, याचाच असावा. मी बोलणार. ती माझीही पोर आहे.

भाची रोज सकाळी सातला बीपी मोजून ग्रुपवर फोटो टाकते. इथं तेव्हा रात्रीचे अडीच वाजलेले असतात, फोनचा आवाज मी चालूच ठेवते. आज १४२/९०. इतके दिवस ग्रुपवर एक अक्षर न लिहिलेल्या ताईनं त्याखाली लिहिलं होतं: 'काल रक्त दिलंय. परवा रिपोर्ट यायलाय. तू जागी राहा.'