आजोबांचे कागद एकट्याने छापायला घेऊ नका

आजोबांची पत्रं, रोजनिशी, हिशेबाच्या वह्या टाइप करून घरच्यांसाठी पुस्तक काढायचं हल्ली बरेच जण मनावर घेतात. फार चांगलं काम आहे. पण बहुतेक जण ते एकटेच करतात, आणि माझं ठाम मत आहे की तसं करू नये. पत्र ज्याला लिहिलं त्याच्या घरी राहतं. आजोबांच्या पेटीत आजोबांना आलेली पत्रं सापडतात. त्यांनी सासरी गेलेल्या लेकीला लिहिलेली पत्रं लेकीच्या कपाटात, म्हणजे आज आतेभावाकडे असतात. त्याला न विचारता पुस्तक केलंत तर अर्धाच पत्रव्यवहार छापला जाईल.

नावांचंही तेच. तुमच्या घरातले अण्णा आणि त्याच्या घरातले अण्णा हे दोन वेगळे गृहस्थ असतात. माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं, त्यामुळे एकच बाई सूचीत दोनदा येते. हे गोंधळ दुसऱ्या शाखेतला माणूस चटकन सोडवतो. पहिल्याच दिवशी दोघांनी मिळून वंशावळ काढा आणि प्रत्येकापुढे सगळी घरगुती नावं लिहा.

पेटी उघडल्यावर कागद तारखेने लावायला घेऊ नका. पुडकं जसं बांधलं आहे तसंच ठेवा, कारण तारीख नसलेल्या पत्राचा काळ बऱ्याचदा त्याच्या मागच्या-पुढच्या पत्रांवरून कळतो. कागदाच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने हलका क्रमांक घाला: पेटी, पुडकं, कागद. गंजलेल्या टाचण्या ओढू नका, सावकाश सोडवा. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको; चिकटपट्टीचा गोंद कागदात मुरून पिवळा डाग पडतो आणि लॅमिनेशन सोडवता येत नाही. स्कॅन रंगीतच करा, कारण निळ्या शाईवर नंतर तांबड्याने किंवा पेन्सिलीने केलेली दुरुस्ती काळ्या-पांढऱ्यात ओळखू येत नाही. रिझोल्यूशन किमान ३०० डीपीआय, बारीक किंवा पुसट अक्षराला ६००. कोरी दिसली तरी मागची बाजूही घ्या. आतेभाऊ दुसऱ्या गावी असेल तर व्हॉट्सॲपवर फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेली की ती लहान होते आणि अनुस्वार पुसले जातात.

अनुस्वारांवर मी अडून बसतो. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, म्हणून जुना मजकूर टाइप करताना ते सरसकट काढून टाकायची सवय आहे. आजोबांनी ‘तीं आलीं’ लिहिलं असेल तर आलेली मुलं आहेत, अनेकवचन. ‘ती आली’ लिहिलं असेल तर एकच बाई आली आहे. टिंबं काढलीत की वाचणाऱ्याला पत्ता लागत नाही की घरात माणसं किती आली. बोलून टाइप केलं तरी हेच होतं; मोबाइल आजच्या पद्धतीनेच लिहितो. म्हणून दोन फाइली ठेवा. एकीत अक्षर न् अक्षर मूळचं, चुका आणि खाडाखोडीसह. दुसरी वाचण्यासाठी, तिथे हवं तर आजचं शुद्धलेखन, पण तसं प्रस्तावनेत सांगून.

मूळ फाइल तपासताना एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मूळ कागदावर बोट ठेवून ताडून पाहायचं, मग अदलाबदल. एकटा माणूस आपणच टाइप केलेलं वाचतो तेव्हा त्याला जे असायला हवं तेच दिसतं. शंका असलेला शब्द चौकटी कंसात प्रश्नचिन्हासह ठेवा, फाटलेल्या जागी [फाटले] लिहा. अंदाजाने वाक्य पुरं करू नका. मोडीतल्या कागदांना जाणकार गाठा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत आणि शब्द सलग येतात, त्यामुळे अर्धवट वाचता येणाऱ्याकडून नावं हमखास चुकतात.

तारीख शकात असेल तर इसवी सनासाठी त्यात ७८ मिळवा. वर्ष सरत आलेलं असेल तर ७९. शके १८५४चा मार्गशीर्ष १९३२मध्ये येतो, माघ १९३३मध्ये. पौष दोन्हीकडे पडू शकतो, तिथे तिथी आणि वार जुन्या पंचांगाशी पडताळा. पत्त्यात पिनकोड असेल तर पत्र १५ ऑगस्ट १९७२च्या आधीचं नाही. मायन्यातलं सौ., गं. भा., चि., ती. हे कधीही गाळू नका. एकीच्या नावामागचं सौ. जाऊन गं. भा. (गंगा भागीरथी, म्हणजे विधवा) येतं, त्या दोन पत्रांच्या दरम्यान घरात एक मृत्यू झालेला असतो.

हिशेबात ‘३-८-६’ म्हणजे तीन रुपये आठ आणे सहा पै (रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै). ते ३.८६ नव्हे, साधारण ३.५३ होतात. ‘२॥’ हे अडीच. टाइप करणारा ते पूर्णविरामाचे दंड समजून उडवतो. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले, पण लोकांच्या वह्यांत आणे पुढेही रेंगाळतात.

आता भांडणाचा मुद्दा. वाटणी, कर्ज, कोणाचं मोडलेलं लग्न हे कागदात असणारच. काय वगळायचं याचा नियम वाचायला बसण्याआधी दोघांनी लिहून काढा. त्या पानावर पोचल्यावर ठरवायला गेलात की प्रत्येक जण आपल्या वडिलांची बाजू सांभाळतो. वगळलंच तर [तीन ओळी वगळल्या] असं छापा. गुपचूप गाळणं म्हणजे आजोबांच्या तोंडी दुसरंच काही घालणं आहे, ते मला मान्य नाही. मूळ फाइलमधून मात्र काहीही काढू नका.

आणि छापण्याआधी परवानगी. पत्राचा कागद तुमच्या घरात असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, आणि त्याच्यामागे त्याच्या वारसांचा. आजोबांच्या मित्रांची पत्रं घेणार असाल तर त्यांच्या मुलांना लेखी विचारा. आजोबांच्या स्वतःच्या मजकुरासाठी त्यांच्या सगळ्या मुलांची संमती घ्या, त्यात लग्न होऊन गेलेल्या मुलीही आल्या. तिथेही आतेभाऊच उपयोगी पडतो, कारण आत्याशी बोलून तिची सही आणणं त्यालाच सोपं जातं.