क्रोटनची ओळखपरेड

धाकट्या बहिणीची बदली बंगळुरूला झाली आणि तिच्या अंगणातलं क्रोटन आमच्या गॅलरीत राहायला आलं. सोबत फर्मान होतं, "दादा, याची जोडी मला इथे घ्यायचीय. नक्की कुठलं आहे तेवढं बघून कळव." कुंडीवरची नावाची पट्टी टेंपोतच कुठेतरी उतरून गेली होती.

क्रोटन ओळखायला काय लागतं? शाळेच्या फाटकाशी, बँकेच्या दारात, मंगल कार्यालयाच्या जिन्यावर तेच तर उभं असतं. पण नुसतं 'क्रोटन' म्हणणं म्हणजे नुसतं 'पाटील' म्हणणं. पुढे 'कुठले?' हा प्रश्न उरतोच.

आमच्या पाहुण्याच्या अंगावर तर सगळं गावच होतं. खालची पानं जांभळट लाल, मधली नारिंगी शिरांची, शेंड्याची कोवळी पोपटी. एक पान बोटभर वाढून मधेच संपलेलं. पुढे नुसती शीर, दोऱ्याएवढी, आणि तिच्या टोकाला आणखी एक चिमुकलं पान लोंबतंय. मी म्हटलं, अळीने खाल्लं. "अळी एवढं मापात खात नाही," बायको म्हणाली. तिचं बरोबर निघालं. काही क्रोटनांची पानं जन्मतःच अशी तुटक असतात.

मोबाईलवरचं ॲप नारिंगी शिरांना 'पेट्रा' म्हणालं, पीळ पडलेल्या पानाला 'मॅमी'. तिसऱ्या फोटोत त्याने मागचा कढीपत्ता ओळखला आणि तोही भलत्याच आत्मविश्वासाने. नर्सरीवाल्याला फोटो दाखवला.

"क्रोटन आहे, साहेब."

"ते कळलं हो. व्हरायटी कुठली?"

"रंगीत."

शेवटी खालच्या मजल्यावरच्या काकांना बोलावलं. ते वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. चहा होईपर्यंत गप्प होते, मग म्हणाले, "मुळात हे क्रोटनच नाही." लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ मध्ये याला क्रोटनांत बसवलं होतं, पुढच्या लोकांनी तिथून उठवून 'कोडियम व्हेरिएगॅटम' केलं. मूळ मुक्काम इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांच्या बाजूला. "मग खरं क्रोटन कोणतं?" "जमालगोटा," काका शांतपणे म्हणाले. "तो असली क्रोटन. हे दोघे आणि एरंड, तिघेही एकाच कुळातले."

"म्हणजे सगळं घराणंच तसलं!" असं म्हणून बायकोने कुंडी तुळशीपासून लांब सरकवली.

इकडे पाहुण्याने पानं टाकायला सुरुवात केली. जागा बदलली की क्रोटन रुसतं, हे काकांनी सांगितलं. बहिणीला मात्र ते पटेना. रोज जेवणानंतर तिचा व्हिडिओ कॉल. फोन उचलला की पहिलं वाक्य, "दादा, जरा बाजूला हो, झाड दिसत नाहीये." मग गळलेल्या पानांची चौकशी. माझं वजन उतरलं असतं तरी इतकी झाली नसती.

जी नवी पानं आली ती साधी हिरवी. आमची गॅलरी उत्तरेची आणि क्रोटनचा रंग असतो उजेडाच्या हिशेबात. उजेड कमी पडला की ते लाल-पिवळ्याचा खर्च बंद करतं. सकाळचं ऊन घरात एकाच खिडकीत येतं आणि तिथे कपडे वाळत घालायचा स्टँड. वाटाघाटी झाल्या. स्टँड बैठकीत आला, तेव्हापासून आमच्याकडे येणारे पाहुणे बनियनच्या सावलीत पोहे खातात.

ऊन मिळालं, माती वरून सुकल्यावरच पाणी द्यायचं ठरलं आणि झाड तरारलं. लगेच बेचक्यांत पांढरा कापूस दिसला. पिठ्या ढेकूण! निंबोळी तेल आणि साबणाचं पाणी फवारलं, ढेकूण गेले. वासामुळे बनियनखालचे पाहुणेही गेले. एक फांदी छाटताना तिचा चीक शर्टाच्या बाहीवर पडला; त्याचा तपकिरी डाग अजून आहे, साबणं बदलून झाली.

नाव काही मिळेना. अखेर काकांनीच तोडगा काढला, "नाव कशाला हवं? गुटी बांधा, याचीच जोडी पाठवा." पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची साल बांगडीसारखी काढली, ओलं मॉस, म्हणजे शेवाळ, लावलं, वर प्लॅस्टिक आवळून बांधलं. काही आठवड्यांनी आतून पांढरी मुळं दिसली, तेव्हा मी शेजाऱ्यांना पेढे वाटायचाच बाकी होतो. फांदी कापली, कुंडीत लावली, धरली. बंगळुरूला जाणाऱ्या भाच्याच्या मांडीवर बसून ती रेल्वेने गेली.

गेल्या आठवड्यात बहिणीचा फोन आला. तिच्या फ्लॅटला बाल्कनी आहे, पण समोर मोठी इमारत.

"दादा, इकडचं झाड बघ. नवी पानं सगळी हिरवीगार. तू दुसऱ्याच झाडाची फांदी पाठवलीस का रे?"

"अगं, त्याच झाडाची आहे."

"मग याचं नाव काय?"

मी फोन काकांकडे दिला.